दुकान कोणाच्या नावावर?

लग्न ठरवायचं असो की घराचा पाया काढायचा, आपण चार-चार दिवस चर्चा करतो. पण ‘उद्या तुम्ही नसलात तर दुकानाचं काय?’ असं नवऱ्याला विचारून बघा. तो गप्प बसतो आणि सासूबाई आतून ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणतात. विषय संपला!

आमच्या ब्राह्मणपुरीत काय किंवा शहाद्याच्या बाजारात काय, किराणा, गिरणी, शिलाईचं दुकान असे धंदे सगळं घर मिळून चालवतं. कागद मात्र एकाच माणसाच्या नावाचे.

बचत गटातल्या आमच्या एका मैत्रिणीचे यजमान अचानक गेले. पिठाची गिरणी आणि शेजारी छोटं किराणा दुकान. गिरणीच्या दगडाला टाकी कधी लावायची, हे तिला यजमानांपेक्षा जास्त कळायचं. पण बँकेचं चालू खातं, वीजमीटर, गाळ्याचा भाडेकरार, सगळं त्यांच्याच नावे. खात्यातले पैसे अडकले. उधारीची वही उघडली तर त्यात ‘कोपऱ्यावरची ताई’, ‘लाल ट्रॅक्टर’ अशा नोंदी! किती संध्याकाळी आम्ही दोघी ती वही घेऊन बसलो. लाल ट्रॅक्टरवाला स्वतःहून येऊन पैसे देऊन गेला. बाकी काहीजण ‘आम्ही भाऊंच्या हातात दिले होते’ म्हणून मोकळे झाले. त्यातच दीर म्हणाले, ‘गिरणी मी बघतो, वहिनींना महिन्याला खर्चाला देत जाईन.’ वाईट हेतूने म्हणाले असं नाही. पण मालकीण आश्रित व्हायला एवढं वाक्य पुरतं.

कायदा काय म्हणतो? हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. भाऊ त्या यादीत पहिला नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क महाराष्ट्राने 1994 मध्येच दिला, देशभर तो 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाला. आपल्या भागातल्या आदिवासी भगिनींना मात्र हा हिंदू वारसा कायदा सरसकट लागू नाही. पण 17 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सांगितलं, की केवळ बाई म्हणून वाटा नाकारणं हा भेदभाव आहे.

‘नॉमिनी लावलाय ना, मग झालं’ असं पुष्कळजणी म्हणतात. आपल्या भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर 2013 मध्ये गेले. त्यांच्या मृत्युपत्रावरून आणि गुंतवणुकीच्या नॉमिनेशनवरून घरात वाद झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 14 डिसेंबर 2023 ला निकाल लागला, की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याच्या हाती शेअर आले तरी हक्क वारसांचाच. मोठ्या माणसांचं हे, तर आपलं काय घेऊन बसलात?

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साधा कागद, करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. साक्षीदार वयाने लहान असलेले बघा. सत्तरीच्या मामांची सही घेतली आणि मामाच आधी गेले, तर पंचाईत.

आणि धंदा नुसता लिहून देऊन चालत नाही. माल कुठून येतो, कोणाचं देणं आहे, जीएसटीचं कोण भरतं, हे आधी दुसऱ्याला कळायला हवं. ‘पोराला नोकरी आहे, तो कशाला बसेल गिरणीवर’ म्हणतात. पोरीला कोणी विचारतच नाही.

त्या मैत्रिणीची मुलगी आता कॉलेज करून संध्याकाळी गल्ल्यावर बसते. उधारीच्या वहीत पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेते, कोणी कुरकुरलं तरी. गाळ्याचा नवा करार मायलेकींच्या नावे झालाय. वीजमीटर अजून वडिलांच्याच नावावर आहे, अर्ज दिलाय.