मांजराला उपास नसतो

बारा-चौदा वर्षांचं मांजर ताटलीकडे पाठ फिरवून बसलं, की घरात पहिला निष्कर्ष निघतो तो रुसल्याचा. दुसरा उन्हाचा. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात माणसालाही जेवण जात नाही, तिथे मांजराचं काय, असं म्हणत दोन दिवस सरतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, वय झालं आता त्याचं. तिन्हींत थोडंथोडं तथ्य असेलही, पण एवढे दिवस मांजराच्या यकृताला परवडत नाहीत.

उपाशी मांजराच्या अंगातली चरबी सुटून रक्तावाटे यकृतात येते. ती जाळायची किंवा पुढे पाठवायची यकृताची ताकद तोकडी पडते आणि चरबी तिथेच साठत जाते. मांजर मुळात लठ्ठ असेल तर धोका जास्त. मग मळमळ वाढते, मळमळीने उरलीसुरली भूकही मरते. कानाची आतली कातडी, हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते. एरवीही, चोवीस तास पोटात काहीच गेलं नाही तर डॉक्टरांना फोन करावा. दोन दिवस झाले तर मांजर उचलून न्यावं.

वर्ध्याजवळच्या पवनारला अन्नत्यागाचा इतिहास आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये धाम नदीकाठच्या आश्रमात विनोबा भावे यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं, आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. तो एका माणसाने विचार करून घेतलेला निर्णय होता. मांजर असा निर्णय घेत नाही. म्हाताऱ्या मांजराने अन्न सोडलं म्हणून त्याला कोपऱ्यात शांत पडू देणं करुणेचं वाटतं खरं, पण पुष्कळदा ते एका किडलेल्या दाताकडे केलेलं दुर्लक्ष असतं.

कारण दात, हिरड्या आणि मूत्रपिंड हे म्हातारपणचे नेहमीचे संशयित. मूत्रपिंड थकलं की रक्तात साचणाऱ्या घाणीमुळे मळमळतं. दात दुखत असेल तर मांजर ताटलीपर्यंत येतं, हुंगतं, एखादा घास उचलतं आणि टाकून देतं. मळमळत असेल तर ओठ चाटतं, लाळ गाळतं, कधी ताटलीभोवती पंजाने माती ओढल्यासारखं करतं. हा फरक घरच्यांनी नीट पाहून सांगितला तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात हात गाय-म्हैस-शेळीवर बसलेला असतो. रक्ततपासणी, दातांचं काम यांसाठी वर्धा गाठावं लागतं, नाहीतर सरळ नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय.

औषधपाणी होऊन मांजर घरी आलं, की खरा प्रश्न सुरू होतो: द्यायचं काय?

आपल्याकडे पहिलं उत्तर दूध. वर्ध्यात तर गोरस भांडाराचं गाईचं दूध हाताशी. पण दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांची दुधातली साखर पचवायची क्षमता घटते. जुलाब लागले तर आधीच सुकलेलं शरीर आणखी सुकतं. दूधभात, दूधपोळी यांनी पोट फुगतं, प्रथिनं मात्र फारशी मिळत नाहीत. शिरा किंवा गूळ लावलेलं काही तर वायाच जातं, कारण गोड चव ओळखणारा जनुक मांजरात निकामी झालेला आहे. हे २००५ मध्ये स्पष्ट झालं.

शाकाहारी घरांची इथे पंचाईत होते, आणि आश्रमाच्या परिसरात अशी घरं कमी नाहीत. मांजर मात्र मांसाशिवाय चालत नाही. टॉरिन नावाचं द्रव्य त्याचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही. ते मांसातून मिळालं नाही तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय पसरतं. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवला. स्वयंपाकघरात कोंबडी शिजवायची नसेल तर मांजरांसाठीच तयार केलेलं पाकिटातलं ओलं अन्न आणावं. त्यात टॉरिन घातलेलं असतं. मांजराला सात्त्विक करण्याचा आग्रह तेवढा सोडावा.

मांसाहारी घरात चूक उलट्या बाजूने होते. काल रात्रीच्या सावजीतला तुकडा धुऊन दिला की झालं, असं वाटतं. पण कांदा आणि लसूण शिजले तरी मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. चार किलोच्या मांजराला वीसेक ग्रॅम कांदाही त्रास देऊ शकतो. कोंबडीचा तुकडा मीठ-मसाल्याविना वेगळा उकडावा, हाडं काढावीत, आणि त्याचंच पाणी थोडं वर घालावं. कच्ची मासळी टाळावी. काही माशांत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो.

मांजर आधी नाकाने जेवतं. वय वाढलं की वास मंदावतो, सर्दीने नाक चोंदलं तर उरलाच नाही असं समजा. म्हणून ओल्या कापसाने नाक पुसावं आणि फ्रिजमधलं अन्न कोमट करावं, मांजराच्या अंगाइतपत, साधारण ३८ अंश. जास्त तापवू नये. ताटली उथळ असावी, मिशा कडेला घासू नयेत. मान वाकवायला त्रास होत असेल तर ताटली एखाद्या पाटावर ठेवावी. चमचाभर द्यावं, दहा-पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर उचलावं. इथल्या उन्हाळ्यात ओलं अन्न तसंही फार वेळ टिकत नाही. एकाच वेळी पाच वाट्या समोर मांडणं माझ्या मते सगळ्यात वाईट. मळमळत असताना जो वास येतो त्याचीच मांजर पुढे नावड धरतं, आणि बरं झाल्यावरही त्या पदार्थाला तोंड लावत नाही. त्याच कारणाने औषधाची गोळी जेवणात लपवू नये.

किती द्यायचं, हे आवडीपेक्षा महत्त्वाचं. विनोबा १९३८ मध्ये प्रकृती सुधारायला पवनारला आले तेव्हा त्यांचं वजन ८८ पौंडांवर उतरलं होतं. शेतात खणायला त्यांनी सुरुवात केली ती काही मिनिटांपासून, मग रोज थोडं वाढवत नेलं. काही महिन्यांत चाळीसेक पौंड परत आले. जेवणातही हाच धीर लागतो. चार किलोच्या मांजराची विश्रांतीतली गरज दिवसाला साधारण २०० कॅलरी. बरेच दिवस उपाशी असेल तर पहिल्या दिवशी तिचा चौथा ते तिसरा हिस्साच द्यायचा, म्हणजे उकडलेली कोंबडी तीस-चाळीस ग्रॅम, पाच-सहा वेळांत वाटून. तीन-चार दिवसांत पूर्ण मापावर यायचं. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत शिरतं, रक्तात त्यांचा तुटवडा पडतो, स्नायू आणि हृदय कोलमडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांत हे दिसलं होतं. उकडलेली कोंबडी ही पहिल्या काही दिवसांचीच सोय आहे, तिच्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. मांजर सावरलं की हळूहळू पूर्ण आहारावर आणावं.

सिरिंजने भरवणं अनेक घरांत सुरू होतं आणि दोघांच्या भांडणात संपतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गालाच्या बाजूने, डोकं सरळ ठेवून, एकेक मिलिलिटर. मांजर झटापट करू लागलं की थांबावं, अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. मानेतून अन्ननलिकेत बसवायची नळी ऐकायला भयंकर वाटते, पण मांजर तिच्यासकट घरात फिरतं, झोपतं, आणि आठवडेच्या आठवडे घरचीच माणसं तिच्यातून भरवू शकतात. यकृतात चरबी साठलेली पुष्कळ मांजरं या नळीमुळे वाचली आहेत. भूक वाढवणारी औषधंही आहेत. मिर्टाझपिनचा कानाला चोळायचा मलम अमेरिकेत २०१८ मध्ये मांजरांसाठी मंजूर झाला. आपल्याकडे माणसांची गोळी मिळते, तिचा किती अंश द्यायचा हे डॉक्टरच ठरवतात. ताप वाटतो म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नको. एक गोळी मांजराचा जीव घेते.

घरी वजन पाहायला खास काटा लागत नाही. मांजराला पिशवीत घालून भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवलं तरी चालतं, पिशवीचं वजन वजा करायचं. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, आकडा लिहून ठेवायचा. चार किलोच्या मांजराचे दोनशे ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो. ताटली रिकामी होत असूनही हा आकडा दोन आठवडे खाली जात असेल, तर पदार्थ बदलत बसू नये. रक्त आणि लघवी पुन्हा तपासून घ्यावी.