काळ्या पाषाणाखालची जमीन

बीड जिल्हा जवळपास सगळा बेसॉल्टवर वसला आहे. बालाघाटचे डोंगर काय, विहीर खोदताना लागणारा काळा पाषाण काय, सारे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेल्या लाव्हाचे. त्याखाली काय दडले आहे, याचा अंदाज शेजारच्या लातूर जिल्ह्यातून येतो. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विंधनछिद्रात सुमारे 338 मीटर बेसॉल्ट संपल्यावर 8 मीटर गाळाचे थर लागले आणि मग ग्रॅनाइटी खडक.

लाव्हाखालचा गाळ उघड्यावर पाहायचा तर विदर्भ गाठावा लागतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या परिसरातील पिसदुरा आणि डोंगरगाव येथे लमेटा शैलसमूह जमिनीवर आला आहे. तांबड्या-हिरवट चिकणमातीचे हे थर क्रिटेशस काळाच्या अखेरचे. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. डोंगरगावला तळे होते, त्यात मासे होते. पिसदुऱ्याला पुराचा गाळ साचत होता, कासवे वावरत होती. थरांतल्या चुनखडीच्या गाठी सांगतात, की पावसाळा सरल्यावर जमीन बराच काळ कोरडी पडे. डोंगरगावच्या सांगाड्यावरून 1997 मध्ये एका महाकाय शाकाहारी डायनासोरचे वर्णन झाले; 2003 पासून तो ‘आयसिसॉरस’ म्हणून ओळखला जातो.

पिसदुऱ्याचे खरे धन मात्र हाडांपेक्षा शेणात आहे. शेतांत मुठीएवढे, काही त्याहूनही मोठे, जड दगड सापडतात. ती दगड झालेली विष्ठा, बहुधा या शाकाहारी डायनासोरांचीच. गवत आपल्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण साठवते. पोटातल्या पचनाने ते विरघळत नाहीत आणि त्यांच्या आकारावरून गवताचा गट ओळखता येतो. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी या विष्ठेत असे कण शोधले आणि 2005 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतेच, ही जुनी समजूत त्याने मोडली. गवताचे किमान पाच प्रकार तिथे होते, त्यांत भाताचे दूरचे नातलगही. सोबत ताड-माडाच्या कुळातल्या आणि सूचिपर्णी झाडांचेही अंश मिळाले. म्हणजे हा प्राणी गवतावरच जगत नव्हता. समोर येईल तो पाला खात होता. एका जनावराचा आहार इतक्या बारकाईने हाडांवरून कधीच कळला नसता.

लाव्हा आला तोही एका दमात नव्हे. दोन प्रवाहांमधल्या शांततेत पुन्हा तळी साचत, झाडे उगवत. कच्छमधल्या अंजारला अशा मधल्या गाळातही डायनासोरांचे अवशेष मिळाले आहेत. पहिल्या लाव्हाने ते सगळे संपले नव्हते.