पॅकेटची गाळणी

इंटरनेटवरची माहिती सलग धारेने येत नाही, लहान लहान तुकड्यांनी येते. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. टपालाच्या पाकिटाप्रमाणे त्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो, शिवाय दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक असतात. पोर्टसाठी १६ बिट ठेवलेले असल्याने हा क्रमांक ० ते ६५,५३५ असू शकतो. राउटरमधील फायरवॉल या मजकुराकडे पाहून पॅकेट आत सोडते किंवा टाकून देते. आतले पत्र ती सहसा वाचत नाही.

बाहेरून येणारे सगळेच अडवले, तर आपण मागवलेले वेबपान येणार कसे? त्यासाठी राउटर एक नोंदवही ठेवतो. समजा, घरातल्या संगणकाने ५१००० या पोर्टवरून बाहेरच्या एका संगणकाच्या ४४३ या पोर्टशी संपर्क साधला. राउटर ही जोडी टिपून ठेवतो. नेमकी उलट जोडी असलेले पॅकेट आले, की ते उत्तर आहे हे त्याला कळते. मग घरासाठी दोन नियम बहुधा पुरतात: आपण सुरू केलेल्या संभाषणाची उत्तरे सोडावीत, बाकीचे टाकावे. मात्र नियम सामान्यतः वरून खाली वाचले जातात आणि पहिला लागू पडला की वाचन थांबते. क्रम उलटा केल्यास काहीच आत येणार नाही. (फळ्यावर करून पाहण्याजोगा खेळ आहे.)

'आमच्या राउटरमध्ये हे आपोआप होतेच' असे पुष्कळजण म्हणतात. आमच्या मते हे अर्धसत्य आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते अपुरे पडल्याने सारे घर एकच बाहेरचा पत्ता वापरते. न मागवलेले पॅकेट आले तर ते घरातल्या कोणाला द्यायचे हेच राउटरला कळत नाही, म्हणून ते आत पोचत नाही. हे संरक्षण टंचाईतून आले आहे. सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा. तेथे टंचाई नाही, प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो आणि हा आडोसा जातो. तेथे अडवण्याचा नियम स्पष्टपणे चालू असावा लागतो. अनेक राउटरवर त्याची कळ वेगळी असते.

आडोसा नसला की काय होते, ते २०१६ साली दिसले. 'मिराई' नावाचा प्रोग्राम २३ व २३२३ या पोर्टांवर टेलनेट उघडे असलेले कॅमेरे व राउटर शोधी आणि कारखान्यातून आलेले सुमारे साठ पासवर्ड लावून पाही. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांनी 'डिन' या अमेरिकी कंपनीवर पॅकेटांचा भडिमार केला. संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते सांगणे हे तिचे काम. त्यामुळे ट्विटरसारखी स्थळे काही तास अनेकांना उघडेनात. कॅमेऱ्यांच्या मालकांना मात्र याचा पत्ता नव्हता, कारण कॅमेरे चालूच होते!

तेव्हा कारखान्याचा पासवर्ड बदलावा, बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद ठेवावी. यूपीएनपीही बंद केलेले बरे. त्याद्वारे घरातले एखादे उपकरण मालकाला न विचारता पोर्ट उघडून घेऊ शकते. पण उत्साहाच्या भरात सहाव्या आवृत्तीतील आयसीएमपी सरसकट अडवू नये. 'पॅकेट फार मोठे आहे' हा निरोप त्याच वाटेने येतो, आणि तो न पोचल्यास काही पाने अर्धवट उघडून अडकतात.

नियम लागला की नाही, हे तपासता येते. घरातल्या वाय-फायवरून कॅमेऱ्याचा सहाव्या आवृत्तीचा जागतिक पत्ता चौकोनी कंसात लिहून ब्राउझरमध्ये उघडावा. पान दिसले, तर मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून तोच पत्ता पुन्हा उघडावा. त्या डेटावर सहावी आवृत्ती चालते याची मात्र आधी खात्री करावी. आता पान दिसता कामा नये.