वसंतकालीन हिमस्खलन : कारणे, स्वरूप व खबरदारी

प्रस्तावना :
सोनपेठ तालुक्यात बर्फ पडत नाही. तथापि हिमस्खलन हा विषय परभणी जिल्ह्याला परका नाही. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या माछिल क्षेत्रात बर्फाखाली अडकलेल्या पाच जवानांना जिवंत बाहेर काढण्यात आले. परंतु ३० जानेवारीला त्यांचे निधन झाले. त्यांत परभणी जिल्ह्यातील बालाजी अंबोरे होते. ही घटना ऐन हिवाळ्यातील होय. मात्र थंडी सरली की धोका सरतो, हा समज चुकीचा आहे. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममधील नथुला मार्गावर हिमस्खलनात सात पर्यटक मृत्युमुखी पडले. उन्हाळी सुटीत हिमालयात पदभ्रमणास जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या धोक्याचे स्वरूप समजून घेणे आवश्यक ठरते.

कारणमीमांसा :
हिवाळ्यात बर्फ थराथरांनी साचतो. वसंतात दुपारच्या उन्हाने वरचा थर वितळतो व पाणी खाली झिरपते. त्यामुळे बर्फाच्या कणांमधील बंध सैल होतात आणि उतारावरील थर घसरतो. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वाधिक धोक्याचे असतात. निरभ्र रात्री हाच थर पुन्हा गोठून घट्ट होतो. म्हणूनच पहाटे सुरक्षित असलेली वाट दुपारी घातक ठरते. ढगाळ रात्री मात्र थर पुरेसा गोठत नाही. बर्फावर पाऊस पडल्यास धोका आणखी वाढतो.

ताज्या बर्फाचे वजन घनमीटरला सुमारे १०० किलो, तर भिजलेल्या बर्फाचे ४०० किलोंहून अधिक असू शकते. असा बर्फ थांबताच घट्ट बसतो. हातांनी तो उकरणे जवळजवळ अशक्य होते.

खबरदारी :
१. चढाई पहाटेपूर्वी सुरू करून ऊन तापण्याआधी उतार ओलांडावा.
२. पाय गुडघ्यापर्यंत रुतू लागल्यास किंवा उतारावरून बर्फाचे गोळे घरंगळू लागल्यास तत्काळ माघारी फिरावे.
३. धोक्याचा उतार एकेकाने ओलांडावा. त्याच्या पायथ्याशी मुक्काम करू नये.
४. संकेतयंत्र, शोधकाठी व फावडे प्रत्येकाजवळ असावे. गाडल्या गेलेल्या व्यक्तीच्या जगण्याची शक्यता पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते. म्हणून खरी मदत सोबत्यांचीच असते.
५. चंडीगड येथील संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेचे हिमस्खलनविषयक इशारे पाहूनच प्रस्थान करावे.

निष्कर्ष :
वसंतातील हिमस्खलनाचा धोका दिनांकापेक्षा तापमान, उतार व वेळ यांवर अवलंबून असतो. मैदानी प्रदेशातील विद्यार्थ्यांना बर्फाचा अनुभव नसतो. त्यामुळे पदभ्रमणापूर्वी महाविद्यालयांनी त्यांना या विषयाचे प्राथमिक ज्ञान देणे अगत्याचे आहे.