उडी घेणाऱ्या घोड्याचा खर्च

सौदी अरेबिया ही अरबी घोड्यांची भूमी असली, तरी शो-जंपिंगसाठी, म्हणजे अडथळ्यांवरून उडी घेण्याच्या स्पर्धेसाठी, लागणारे उंच व ताकदवान घोडे तेथील स्वार बहुधा युरोपातून विकत घेतात, आणि अव्वल घोड्याची किंमत दहा लाख युरोंच्याही पुढे जाते. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमधील सौदी संघाच्या कांस्यपदकामागे अशीच खरेदी होती. परंतु किंमत ही केवळ सुरुवात होय. वाळवंटी उन्हाळ्यात थंड ठेवावे लागणारे तबेले, भूजल वाचवण्यासाठी चाऱ्याच्या लागवडीवर निर्बंध आल्याने आयात होणारे गवत, दर सहा-आठ आठवड्यांनी करावी लागणारी नालबंदी, पशुवैद्य आणि मोतद्दार यांचा खर्च घोडा जायबंदी असतानाही थांबत नाही. म्हणूनच खरेदीपूर्वी घोड्याच्या पायांची क्ष-किरण तपासणी अनिवार्य मानली पाहिजे.