फुकटची इंटर्नशिप कुणाला परवडते?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की कॉलेजच्या मुलांची धावपळ सुरू होते. कुणी वकिलाच्या ऑफिसात, कुणी वृत्तपत्रात, कुणी एखाद्या एनजीओत इंटर्नशिपसाठी अर्ज टाकतो. पैशाचे विचारले की उत्तर ठरलेले असते, "पैसे नाहीत, पण शिकायला मिळेल, सर्टिफिकेट मिळेल." ज्याच्या बापाचे मुंबईत घर आहे त्याला हा सौदा फायद्याचा आहे, यात वाद नाही. प्रश्न आमच्या मुलांचा आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांचेच घ्या. बाबासाहेबांमुळे वकिली हे आमच्या घराघरातले स्वप्न. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची केली. राबण्याची सक्ती झाली, मोबदल्याची मात्र झाली नाही! परभणी-जालन्याच्या मुलाने हायकोर्टात काम शिकायचे म्हणून महिनाभर मुंबईत राहायचे ठरवले, तर कॉट बेसिसचे भाडे, खानावळ, लोकलचा पास, काळी पँट आणि पांढरा शर्ट, सगळे पदरचे. २०१६-१७ मध्ये सुरू झालेल्या स्वाधार योजनेत मुंबईत शिकणाऱ्यासाठी जेवण, भाडे, निर्वाह सगळे धरून वर्षाला ६०,००० रुपये ठरले, म्हणजे महिन्याला ५,०००. लहान शहरात शिकणाऱ्याला त्याहून कमी. त्याचे हप्ते कधी हातात पडतात, हे अर्ज भरलेल्या कुणालाही विचारा. शिवाय सुट्टी हाच आमच्या मुलाचा कमाईचा काळ. लग्नात वाढप्याचे काम, डिलिव्हरी, शेतावरची मजुरी यांतून तो पुढच्या वर्षाची फी उभी करतो. तेव्हा फुकट म्हणतात ती इंटर्नशिप त्याला विकत घ्यावी लागते.

शिकणाऱ्याला पैसे कसले, असे विचारणारे पुष्कळ. त्यांना आमचा प्रश्न आहे, आयटीआयच्या मुलाला कसे मिळतात? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यातल्या उमेदवाराला विद्यावेतन दिले, ठरावीक ट्रेडमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी जागाही राखल्या. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या इंटर्न डॉक्टरलाही विद्यावेतन मिळते. मग वकिलाच्या फायली उचलणाऱ्यानेच उपाशी का शिकावे? बड्या वकिलाच्या चेंबरचे दार ना परीक्षेने उघडते, ना आरक्षणाने. ते ओळखीने उघडते, आणि ओळख म्हणजे काय, हे आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. केंद्राने २०२४ मध्ये महिना ५,००० रुपयांची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना जाहीर केली. तीत पूर्णवेळ शिकणारा विद्यार्थी बसतच नव्हता.

मोबदल्याऐवजी मान घ्या, हे आम्हाला नवे नाही. महार वतनात हेच होते. दिवसरात्र सरकारचे आणि गावाचे काम, बदल्यात बलुते आणि वतनदार म्हणवून घेण्याचा मान. ती वेठबिगार मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. पुढे संविधानाच्या कलम २३ ने बिगारीला बंदी केली. आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात, पोटाच्या नाइलाजाने केलेले कामही वेठबिगारच. हा निकाल इंटर्नला जसाच्या तसा लागू होतो, असे आम्ही म्हणत नाही. पण तिथे सांगितलेला नाइलाज आमच्या मुलाच्याही ओळखीचा आहे.

स्वतः बाबासाहेब अमेरिकेत शिकले ते बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. लंडनला परत जाण्यासाठी त्यांनी सिडनहॅम कॉलेजातल्या ४५० रुपये पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनीही हात दिला. बॅरिस्टर झाल्यावरही प्रपंच चालवण्यासाठी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत ते शिकवायला जात.

मग इंटर्नशिप करूच नये काय? सक्तीचे आठवडे सुटत नाहीत, पण ते मुंबईतच काढले पाहिजेत असेही नाही. घराजवळचे जिल्हा न्यायालय, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याचा चांगला दिवाणी वकील इथे दावा लिहायला, साक्ष कशी घेतात ते पाहायला मिळते. कोल्हापूरला तर ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचे सर्किट बेंचही बसले आहे. जिथे कुणी शेजारी बसवून शिकवते, तिथे महिनाभर पदरमोड करून राहावे. जिथे आठवडाभर फक्त झेरॉक्स आणि चहा सांगितला, तिथून निघावे. तीन-तीन महिने पूर्णवेळ फुकट मागणाऱ्याला सरळ नाही म्हणावे.

हे बाहेरच्यांनाच लागू, असे मात्र नव्हे. चळवळीतल्या संस्था, ऑफिसे, वृत्तपत्रे इथेही कार्यकर्ता म्हणून मुलांना सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बसवले जाते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पाणी वाटणे हे समाजाचे ऋण फेडणे झाले. रोजचे टायपिंग आणि हिशेब ही नोकरी आहे, तिचे पैसे द्यावे लागतात. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. विद्यार्थी त्यातही नाहीत, आणि ती नुसती शिफारस आहे. पण आमच्या वकिलांना कुणाच्या आदेशाची वाट पाहायचे कारण नाही. प्रत्येकाने सुट्टीत एक विद्यार्थी घ्यावा आणि त्याचा पास, खानावळ द्यावी. कर्मचारी संघटनांनी जयंतीच्या वर्गणीतून त्यासाठी रक्कम बाजूला काढावी. ज्या विहारांत खोल्या आहेत त्यांनी बाहेरगावच्या मुलांची सोय करावी आणि तशी सूचना मार्चअखेर कॉलेजांच्या फलकावर लावावी, म्हणजे मुलांना अर्ज करायला वेळ मिळेल.