पावसाळ्यातला डोंगर आणि आपण

जून उजाडला आणि मलंगगडाचा माथा ढगात गेला, की आमच्या भागातील कारखान्यांच्या फाटकांवर एकच विषय निघतो. "औंदा कुठं जायचं?" बोनस, ओव्हरटाइम, कंत्राटी माणसांचे फंड, सारे प्रश्न घटकाभर बाजूला राहतात. कोणी कोंडेश्वरचे नाव घेतो, कोणी माथेरानचे, तर कोणी बारवीकडच्या रानाचे. सुट्टीच्या सकाळी कर्जतकडे जाणाऱ्या गाड्यांतून उल्हासनगर-अंबरनाथची तरुण पोरे बदलापूर आणि वांगणीस घोळक्याने उतरतात. आम्हीही गेली तीस वर्षे त्यांतच आहोत.

या व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आमची शाळा आठवीतच सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि रातपाळीनंतरच्या गप्पांत. तेव्हा डोंगराचे रसाळ वर्णन करण्याचा आव आम्ही आणत नाही. आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे, की पावसाळ्यात ज्या डोंगराकडे आपण मौजेसाठी जातो, तोच डोंगर वर्षभर आपल्या घरी पाण्याच्या रूपाने येत असतो. तेव्हा त्याच्याकडे जाताना तिथली रीत ठाऊक असावी, आणि तिथे कोण राहते हेही ठाऊक असावे.

आधी सुट्टीविषयी दोन शब्द. रविवारची सुट्टी ही पंचांगातून आलेली गोष्ट आहे, असे पुष्कळांस वाटते. ती तशी आलेली नाही. ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांतीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. दहा जून! आपल्याकडे पाऊस येण्याच्या सुमाराची तारीख. तो योगायोगच खरा. पण पावसात भिजत डोंगर चढणाऱ्या कामगाराने तो ध्यानात ठेवावा. हा दिवस कोणी दान दिलेला नाही, तो झगडून मिळविलेला आहे. म्हणून तो कसा खर्च करावा, याचा विचार करणे आपल्याकडे लागते.

आता डोंगराकडे वळू. अंबरनाथ स्टेशनच्या पुलावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. उजव्या हाताला मलंगगड, पुढे तावली, आणि डावीकडे बदलापूरच्या अंगाला सुळक्यासारखा चंदेरी. ही रांग पुढे नाखिंद, पेब करीत माथेरानला जाऊन भिडते. माथेरान १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांच्या नजरेस पडले, आणि १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली छोटी रेल्वे नेरळहून वर गेली. गावात मोटारींना मज्जाव आहे. २००३ साली केंद्र सरकारने तो सारा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते. अमन लॉजपासून गावापर्यंतची फेरी तेवढी चालते. इतकी मोठी रेल्वे जिथे पावसापुढे चार महिने माघार घेते, तिथे आपण सपाता घालून चढू लागतो.

हा पाऊस इथेच एवढा का पडतो? जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचा वारा येतो. त्याच्या पोटात बाष्प असते. वाटेत सह्याद्री आडवा आला, की त्या वाऱ्यास वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. वर जावे तसा तो थंड होतो, आणि थंड हवेत बाष्प मावत नाही. ते पावसाच्या रूपाने खाली येते. घाट ओलांडून पलीकडे उतरताना तोच वारा पुन्हा तापतो आणि कोरडा होतो. म्हणून माथेरानला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि घाटापलीकडच्या पुण्याला सातशेच्या घरात. ज्या डोंगराला आपण अडथळा म्हणतो, त्यानेच आपला पाऊस अडवून धरलेला आहे.

पडलेल्या पाण्याचे पुढे काय होते, ते समजून घेतले पाहिजे. कारण माणसांचे जीव जातात ते हे न समजल्यामुळे. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तापलेल्या रसाचे थर एकावर एक पसरले आणि निवाले. म्हणूनच आपल्या डोंगरांना पायऱ्या पडल्यासारख्या दिसतात, आणि प्रत्येक पायरीवरून धबधबा कोसळतो. उघड्या कातळावर पाणी जिरत नाही, तसेच खाली धावते. जिथे झाडी आहे तिथे पालापाचोळा कुजून मऊ माती बनते, मुळे ती धरून ठेवतात, आणि पाणी तिच्यात मुरते. हे पोथीतले ज्ञान नव्हे. दोन ओढे पाहून कोणीही पडताळून पाहावे. उघड्या उतारावरचा ओढा सरीबरोबर चढतो, सरीबरोबर उतरतो, आणि त्याचे पाणी लाल असते. रानातून येणारा ओढा उशिरा चढतो, निवळ असतो, आणि पाऊस थांबल्यावरही बरेच दिवस वाहतो.

आता धोका कुठे आहे पहा. आपण धबधब्याखाली उभे असतो, डोक्यावर ऊनही पडलेले असते. पण वर दीड-दोन मैलांवर, आपल्या नजरेआड, ढग कोसळत असतो. ते सारे पाणी एकाच घळीत जमते आणि काही मिनिटांत खाली येऊन पोहोचते. कुंडातले पाणी वरून शांत दिसले, तरी धार पडते तिथे तळाशी भोवरा असतो आणि कपारी असतात. पोहता येते, या भरवशावर तिथे राहू नये.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतील एक पोरगा असाच गेला. नाव सांगत नाही. चोवीस वर्षांचा, कारखान्यात कायम होऊन तीन महिने झालेले. मित्रांबरोबर डोंगरातल्या एका कुंडावर गेला होता. पाणी एकाएकी वाढले, दोघे खडकावर चढले, हा राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. जवळच्या पाड्यावरच्या ठाकर गड्यांनी कमरेला दोर बांधून त्याला बाहेर काढले. पुढे त्याच्या फंडाचे कागद आम्हीच भरले. वारस म्हणून आईचे नाव होते. त्या माउलीने अंगठा उठवताना आम्हांस विचारले, "तुम्ही त्याला एवढं सगळं शिकवलंत, हे नाही का शिकवलं?" त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही त्याला पगाराची चिठ्ठी वाचावयास शिकवले होते, यंत्राचा पट्टा चालू असताना हात घालू नये हे शिकवले होते; पाणी वाचावयास शिकवले नव्हते.

तेव्हापासून दर जूनमध्ये पहिल्या फाटकसभेत आम्ही पाच मिनिटे यासाठी राखून ठेवतो. सांगण्याच्या गोष्टी साध्या आहेत. निवळ पाणी गढूळ होऊ लागले, पाण्याबरोबर पाने-काटक्या येऊ लागल्या, किंवा ओढ्याचा आवाज जड झाला, की त्याच क्षणी काठ सोडून उंच जागी जावे; कपडे, चपला, फोन, कशासाठीही थांबू नये. ओढा पलीकडून अलीकडे आलो म्हणजे परत जाता येईलच, असे धरून चालू नये. शेवाळलेल्या कातळावर धावू नये. दारू पिऊन पाण्यात उतरू नये. जिल्हाधिकारी पावसाळ्यात धबधब्यांवर जाण्यास मनाईचे हुकूम काढतात. तो हुकूम मोडण्यात मर्दुमकी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाड्यावरच्या माणसाने "जाऊ नका" म्हटले तर जाऊ नये.

हा पाड्यावरचा माणूस कोण? या डोंगरांच्या पायथ्याशी ठाकर आणि कातकरी यांची वस्ती आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. १८७८ च्या जंगल कायद्याने रानावर सरकारचा ताबा आला, आणि ज्यांचे घरच रान होते ते तिथे परके ठरले. आज त्यांतील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर पाड्यावर परततात. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली बंद झाली. उचलीचा फास मात्र पुरता सुटलेला नाही. जूनच्या आरंभी आपल्या स्टेशनाबाहेर ज्या बाया शेवळे घेऊन बसतात, त्या याच पाड्यांवरच्या. शेवळ्याने घशाला खाज सुटते, म्हणून त्यांबरोबर काकडाची आंबट फळे घालावी लागतात. हे शास्त्र त्यांनीच आपल्या शहराला शिकवले. आपण मात्र त्यांच्या पाणवठ्यावर बाटल्या फोडून येतो, आणि भात लावलेल्या खाचरातून वाट पाडतो. आपल्या खात्यात येऊन कोणी चालू यंत्रावर चिखल टाकला, तर आपण काय म्हणू?

आता पाण्याबरोबर खाली येऊ. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणच्या खाडीकडे जाते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित सिंधी बांधव आले, आणि १९४९ साली त्या वसाहतीला याच नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. बारवी नदीवर औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली धरण बांधले, पुढे त्याची उंची वाढविली. आपले कारखाने आणि आपले नळ यांना त्या पाण्याचा मोठा आधार आहे. त्या धरणाखाली मुरबाड तालुक्यातील गावांची घरे आणि शेते गेली. उठवलेल्या कुटुंबांतील माणसांना नोकऱ्या देण्याचा निर्णय व्हावयास दशके लागली. नळ सोडताना ही गोष्ट आठवावी.

ही नदी रागावते तेव्हा काय होते, तेही आपण पाहिले आहे. २६ जुलै २००५ चा पूर कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली, आणि हजारावर प्रवाशांना आपत्ती दल, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी बाहेर काढले. डोंगर उघडा होत जाईल आणि नदीच्या काठावर भराव पडत जाईल, तसे असे दिवस वाढतील.

आणि आपली वालधुनी? अंबरनाथच्या दक्षिणेस काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरातून ती येते. तिच्याच काठी शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे शिलाहारांचे शिवमंदिर उभे आहे. पावसाळ्यात काकोळ्याच्या वर तिचे पाणी ओंजळीने प्यावेसे वाटते. तीच नदी पुढे आपल्या वस्तीतून, कारखान्यांतून जाते, आणि उल्हासनगरात तिच्यावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो. २०१४ साली तिच्यात सोडलेल्या रसायनाच्या वायूने शेकडो माणसे आजारी पडली. त्या रात्रीच्या अंधारात टँकरचा नळ उघडणारा हात कामगाराचाच असतो. मालकाचा दोष मोठा आहे, आणि त्याविरुद्ध आम्ही लढतो, लढत राहू. पण "माझे काम फक्त नळ उघडण्याचे," असे म्हणून कामगाराला सुटता येत नाही. आमच्या मते, ज्या कामाने आपल्याच वस्तीचा श्वास कोंडतो ते काम नाकारण्याचा हक्क, ही संघटनेची रविवारच्या सुट्टीइतकीच मोठी मागणी झाली पाहिजे.

हे सारे ऐकून गेल्या वर्षी एका उमेदवार पोराने फाटकसभेत उठून विचारले, "दादा, म्हणजे डोंगरात जायचंच नाही का?"

जावे, अवश्य जावे. लोखंड्यांनी तो दिवस त्यासाठीच मिळवून दिला आहे. घरच्या माणसांना सांगून जावे, पाड्यावर विचारून पुढे जावे, शेवळे विकणाऱ्या बाईशी घासाघीस करू नये, आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणावा. परत येताना एकदा वालधुनीच्या पुलावर थांबावे, आणि सकाळी वर पाहिलेले पाणी आठवावे. आणि सोमवारी पहिल्या पाळीची हजेरी होईल, तेव्हा प्रत्येकाने आपल्या नावाला "हजर" म्हणावे. आमची यापेक्षा अधिक मागणी नाही.